दर्या की दऱ्या? ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधले मोठे बदल कोण आणि कसे ठरवतं

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडमार्गे पोलादपूरकडे निघालं की डोंगर जवळ येऊ लागतात आणि सह्याद्रीच्या दऱ्या दिसू लागतात. दर्या मात्र दिसत नाही. तो पश्चिमेला, श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूला राहतो. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र, हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. कागदावर तो एका छोट्या रेघेचा असतो. एकात 'र' पापणीसारखा 'य'ला चिकटतो, दुसऱ्यात रफार होऊन डोक्यावर बसतो.

फोनला मात्र हा फरक शिकवावा लागतो. तो कसा शिकवायचा हे कधीतरी कुणीतरी प्रस्ताव मांडून, चर्चा करून ठरवलेलं असतं. गंमत म्हणजे 'दऱ्या' हा शब्द संगणकात साठवायच्या आज दोन पद्धती आहेत. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतून वेगळ्या असतात. म्हणूनच कधी कधी समोर दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही.

सॉफ्टवेअरमधला असा निर्णय एकदा झाला की तो पुढची अनेक वर्षं लाखो लोकांना सांभाळावा लागतो. म्हणून जगातले मोठे ओपन सोर्स प्रकल्प कोड लिहिण्याआधी एक पायरी ठेवतात. बदलाचं डिझाइन लिहून मांडायचं आणि ते सगळ्यांसमोर तपासून घ्यायचं. याला 'डिझाइन प्रपोजल रिव्ह्यू' म्हणतात. ही पायरी नेमकी कशी चालते? शेवटचा शब्द कुणाचा असतो? आणि वाद हाताबाहेर गेला तर काय होतं?

एका शब्दाची दोन लेखनं कशी झाली?

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जगातल्या लिप्यांना हे क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड. 'पायऱ्या', 'फेऱ्या', 'दऱ्या' या शब्दांतला पापणीसारखा 'र' मराठीत रोज लागतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही.

युनिकोडच्या १९९६ च्या २.० आवृत्तीतल्या पद्धतीप्रमाणे हा 'र' असा लिहिला जाई: साधा 'र', मग हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. 'इस्की' या १९९१ च्या भारतीय मानकात मात्र 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून त्याला हलन्त लावायची पद्धत होती. पुढे युनिकोडने या दुसऱ्या पद्धतीला मुख्य नियम केलं. पण पहिल्या पद्धतीने लिहिलेला मजकूर तोवर अस्तित्वात होता. तो बिघडू नये म्हणून जुना नियमही 'सुसंगतीसाठी' ठेवला गेला. आजही दोन्ही नियम मानकात शेजारी शेजारी आहेत.

परिणाम साधा आहे. 'दऱ्या' (ऱ वापरून) आणि 'दर्‍या' (अदृश्य चिन्ह वापरून) हे वाचणाऱ्यासाठी एकच शब्द आहेत, संगणकासाठी दोन. शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरने ते अदृश्य चिन्ह सरळ वगळलं, तर उरतो फक्त 'दर्या'. म्हणजे डोंगराचा समुद्र झाला! 'आचाऱ्यास' (स्वयंपाक करणाऱ्याला) आणि 'आचार्यास' (गुरूला) यांचीही अशीच गल्लत होते.

यात कुणाचा निष्काळजीपणा शोधण्याची गरज नाही. पण एकदा बाहेर पडलेलं डिझाइन सहज मागे घेता येत नाही, हे यातून कळतं. युनिकोडचा तर नियमच आहे की एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही आणि अक्षराचं अधिकृत नावही बदलायचं नाही. एका कंसचिन्हाच्या अधिकृत इंग्रजी नावात 'ब्रॅकेट' शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. ती चूक आजही तशीच आहे. सोबत फक्त दुरुस्त नावाची नोंद जोडली आहे.

डिझाइन प्रस्ताव म्हणजे नेमकं काय?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू शकतं, वापरू शकतं आणि त्यात बदल सुचवू शकतं. युनिकोड हे मानक आहे, पण त्यातले नियम तुमच्या स्क्रीनपर्यंत पोचवण्याचं मोठं काम ओपन सोर्स प्रकल्प करतात. उदाहरणार्थ, अक्षरं जोडून दाखवणारं 'हार्फबझ' अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये वापरलं जातं.

अशा प्रकल्पात छोटी दुरुस्ती करायची असेल तर थेट कोड पाठवला जातो. प्रकल्प सांभाळणारे, म्हणजे मेंटेनर, तो वाचतात आणि घेतात किंवा परत पाठवतात. पण बदल मोठा असेल, अनेकांच्या कामावर परिणाम करणारा असेल किंवा नंतर मागे घेणं अवघड असेल, तर आधी लेखी प्रस्ताव मागितला जातो.

प्रत्येक प्रकल्पात याला वेगळं नाव आहे. पायथन या भाषेत 'पेप', रस्टमध्ये 'आरएफसी', कुबरनेटीसमध्ये 'केप', तर गो भाषेत सरळ 'प्रपोजल'. पायथनची पद्धत यांत जुनी. तिचा पहिला दस्तऐवज, पेप १, जून २००० मधला आहे आणि प्रस्ताव कसा लिहायचा हेच त्यात सांगितलं आहे.

प्रस्तावात काय लिहायचं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा महाडच्या काही मुलामुलींनी एक ओपन सोर्स ॲप बनवलंय. वीर स्थानकावरच्या गाड्यांच्या वेळा, तिथून महाड आणि पोलादपूरकडे जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या आणि आसपासची ठिकाणं त्यात मराठीत शोधता येतात. एक दिवस तक्रार येते की 'रायगडाच्या पायऱ्या' असं शोधलं तर काही जणांना उत्तर मिळतं, काहींना नाही. कारण वर पाहिलेलंच. वेगवेगळे कीबोर्ड 'ऱ्य' वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात.

आता एक कार्यकर्ती प्रस्ताव लिहायला बसते. चांगल्या प्रस्तावात साधारण हे मुद्दे असतात:

अडचण काय आहे? उपायाच्या आधी अडचण. 'सारखे दिसणारे दोन शब्द शोधात वेगळे धरले जातात' हे एका वाक्यात आणि दोन उदाहरणांसह.

उपाय काय? शोधण्यापूर्वी जुन्या पद्धतीचं 'र + हलन्त + अदृश्य चिन्ह' हे सगळीकडे 'ऱ + हलन्त' असं बदलून घ्यायचं.

दुसरे कोणते उपाय होते आणि ते का नकोत? अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकणं सोपं आहे. पण मग दऱ्या आणि दर्या एक होतील. लोकांना 'ठरावीक कीबोर्ड वापरा' असं सांगणं आणखी सोपं, पण ते कुणी ऐकणार नाही.

जुन्याचं काय होणार? ॲपमध्ये आधीच साठवलेली नावं बदलायची की फक्त शोधताना रूपांतर करायचं?

अंगाशी आलं तर? बदल मागे कसा घ्यायचा?

अजून काय ठरलेलं नाही? जे माहीत नाही ते लपवायचं नाही.

पेप १ मध्ये यांतले बरेचसे भाग आहेत. शिवाय 'नाकारलेल्या कल्पना' आणि 'हे नवीन माणसाला कसं शिकवायचं' असे दोन विभागही सुचवले आहेत. पहिला फार कामाचा. चर्चेत कुणी आठवड्याने आलं आणि 'मग असं का नाही करत?' म्हणालं, तर उत्तर आधीच लिहिलेलं असतं. तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

कुबरनेटीसच्या 'केप'मध्ये मागे फिरण्याच्या प्रश्नावर खास भर असतो. हे सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर चालवतं. म्हणून नवीन सुविधा बंद करता येईल का, चालू यंत्रणेत ती मागे घेतली तर काय होईल, अशा प्रश्नांची लेखी उत्तरं द्यावी लागतात. चालू गाड्या थांबवून रूळ टाकायची चैन इथे नसते. कोकण रेल्वेच्या रोहा ते वीर टप्प्यात दुसरा मार्ग झाला तेव्हाही जुना मार्ग चालू ठेवूनच काम करावं लागलं. २०२१ मध्ये तो वापरात आला. सॉफ्टवेअरमधले बहुतेक मोठे बदल असेच, वाहतूक चालू असताना होतात.

मांडल्यापासून निर्णयापर्यंत

प्रस्ताव मांडला की तो मसुदा असतो. मग चर्चा होते, लेखक बदल करत जातो आणि शेवटी निर्णय होतो. ऐकायला सोपं, पण खरी कसरत मधल्या भागात आहे. चर्चा संपली असं कोण म्हणणार?

हे ठरवलेलं नसेल तर दोन गोष्टी होतात. एक तर प्रस्ताव महिनोन् महिने लटकतो आणि लेखक कंटाळून निघून जातो. नाही तर कुणाचं लक्ष नसताना तो मंजूर होतो आणि नंतर भांडण होतं.

रस्टने यावर 'अंतिम प्रतिक्रिया काळ' हा उपाय ठेवलाय. संबंधित टीममधला सदस्य आधी जाहीर करतो की हा प्रस्ताव स्वीकारायचा, बंद करायचा की पुढे ढकलायचा असा आमचा कल आहे. टीममधल्या जवळजवळ सगळ्यांनी त्यावर खूण केली आणि कुणाचा आक्षेप शिल्लक नसला, की दहा दिवसांची घोषित मुदत सुरू होते. ज्याला नवीन मुद्दा मांडायचा असेल त्याने या दहा दिवसांत मांडायचा. तसा ठोस मुद्दा आला तर मुदत थांबते.

गो भाषेत छोटी समिती ठरावीक काळाने बसून प्रलंबित प्रस्ताव पाहते. थेट 'मंजूर' म्हणण्याआधी 'बहुधा मंजूर' किंवा 'बहुधा नामंजूर' अशी पाटी लावली जाते आणि साधारण आठवडाभर वाट पाहिली जाते. निर्णयाआधी कल कळल्यामुळे कुणाला धक्का बसत नाही आणि राहिलेला आक्षेप वेळेत पुढे येतो.

मतदान का घेत नाहीत?

सोशल मीडियावर वावरणाऱ्याला हा प्रश्न लगेच पडेल. पोल टाका, जास्त लाइक मिळतील ते करा!

अडचण अशी की जास्त लोकांना आवडणं आणि डिझाइन बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या उदाहरणात 'अदृश्य चिन्हं काढून टाका' या पर्यायाला शंभर अंगठे मिळू शकतात, कारण तो समजायला सोपा आहे. एकच माणूस म्हणेल, 'त्याने दऱ्यांचा दर्या होईल.' तो एकटा बरोबर आहे.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची यावरची पद्धत प्रसिद्ध आहे. तिथे मतदान टाळतात. सभागृहाचा कल पाहायचा असेल तर लोकांना चक्क गुणगुणायला सांगतात आणि कोणत्या बाजूचा आवाज मोठा येतो ते ऐकतात. पण तेवढ्यावर निर्णय होत नाही. पीट रेझनिक यांनी २०१४ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजात यामागचा विचार मांडला आहे. ढोबळ सहमती म्हणजे सगळ्यांचं समाधान नव्हे. प्रत्येक आक्षेपाचा खरोखर विचार झाला आहे आणि त्याला उत्तर दिलं आहे, म्हणजे सहमती. आक्षेप मान्य झालाच पाहिजे असं नाही, पण तो न ऐकता पुढे जायचं नाही.

म्हणून चांगला रिव्ह्यू सांभाळणारा माणूस डोकी मोजत बसत नाही. तो आक्षेपांची यादी ठेवतो आणि प्रत्येकापुढे 'उत्तर दिलं', 'प्रस्तावात बदल केला' किंवा 'ही किंमत मान्य आहे' असं लिहितो.

वाद हाताबाहेर गेला तेव्हा

हे सगळं नीट नसलं तर काय होतं, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पायथनचं आहे.

गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन तयार केली आणि कितीतरी वर्षं शेवटचा शब्द त्यांचाच होता. त्यांना गमतीने 'आजन्म दयाळू हुकूमशहा' म्हणायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पेप ५७२ हा प्रस्ताव मांडला गेला. एखादी किंमत मोजता मोजता त्याच ओळीत तिला नाव देता यावं, यासाठी एक छोटं चिन्ह भाषेत आणायचं होतं. दोन टिंबं आणि बरोबरचं चिन्ह, बस एवढंच.

पण त्यावर प्रचंड वाद झाला. काहींच्या मते यामुळे कोड वाचायला अवघड होणार होता, काहींच्या मते उलट सोपा. त्याच त्या मुद्द्यांवर पुन्हा पुन्हा चर्चा होत राहिली. जुलै २०१८ मध्ये व्हॅन रॉसम यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलैला ते निर्णय घेण्याच्या भूमिकेतून बाजूला झाले. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि शेवटी कितीतरी लोकांचा रोष घ्यायचा, हे आता नको, असं त्यांनी कळवलं. आपल्या जागी कुणालाही नेमलं नाही. पुढे कसं चालायचं ते तुम्हीच ठरवा, असं सहकाऱ्यांवर सोपवलं.

पुढे जे झालं ते पाहण्यासारखं आहे. कारभार कसा चालवायचा यासाठीही पायथनच्या लोकांनी प्रस्तावच मागवले! वेगवेगळे पर्याय लिहून आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये मतदानाने पेप ८०१६ निवडला गेला. त्यानुसार पाच जणांची निवडून आलेली सुकाणू समिती आली. आता एखाद्या प्रस्तावावर निर्णय घ्यायचं काम ही समिती स्वतः करते किंवा त्या विषयातल्या जाणकाराकडे सोपवते. ज्या चिन्हावरून हे सगळं झालं, ते ऑक्टोबर २०१९ मध्ये पायथन ३.८ मधून आलं.

एका माणसाच्या खांद्यावर प्रत्येक निर्णय टाकला की रोषही त्याच्याच वाट्याला येतो. म्हणून आज प्रस्ताव आला की आधी दोन गोष्टी विचारल्या जातात: यावर निर्णय कोण घेणार आणि कधीपर्यंत?

नकारही नीट द्यावा लागतो

जून २०१९ मध्ये गो भाषेच्या टीमनेच एक प्रस्ताव मांडला. चुका हाताळण्यासाठी गोमध्ये त्याच त्या तीन ओळी वारंवार लिहाव्या लागतात. त्या कमी करण्यासाठी 'ट्राय' नावाची सोय सुचवली होती. अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांत लोकांनी याच कटकटीबद्दल तक्रार केली होती. त्यामुळे स्वागत होईल असं कुणालाही वाटलं असतं.

झालं उलट. शेकडो प्रतिक्रिया आल्या आणि बऱ्याच विरोधात होत्या. या सोयीमुळे काम मध्येच कुठून बाहेर पडतंय ते लपतं, हा मुख्य आक्षेप होता. जुलैच्या मध्यात टीमने ठरलेल्या मुदतीआधीच प्रस्ताव मागे ठेवला आणि कारणं लिहून जाहीर केली. २०२५ मध्ये तर याच विषयावर लेखनपद्धती बदलण्याचे प्रयत्न तूर्त थांबवत असल्याचं गो टीमने सांगितलं. तेव्हाही आधीच्या प्रयत्नांचा हिशोब समोर मांडला.

याच भाषेत 'जेनेरिक्स' नावाची सुविधा आणण्याचे प्रस्ताव मात्र अनेक वर्षं पुन्हा पुन्हा लिहिले गेले. जुनी डिझाइनं बाजूला ठेवली गेली, त्यांतून शिकून नवीन आली. २०२१ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला आणि मार्च २०२२ मध्ये गो १.१८ मधून सुविधा आली. आधीचे नकार कारणांसह लिहिलेले होते, म्हणून पुढचं डिझाइन तिथून सुरू करता आलं.

नुसतं 'नको' म्हणून बंद केलेला प्रस्ताव दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी पुन्हा घेऊन येतं. कारणासह नाकारलेला प्रस्ताव प्रकल्पाची ठेव होतो.

सायकलच्या शेडचा रंग

रिव्ह्यूमधला सगळ्यांत जुना रोग म्हणजे छोट्या गोष्टीवर मोठी चर्चा. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५०च्या दशकात एका समितीची गंमत सांगितली होती. अणुभट्टीचा प्रचंड खर्च ती काही मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातलं फारसं कुणाला कळत नाही. सायकलच्या शेडवर मात्र बराच वेळ वाद घालते, कारण शेडबद्दल प्रत्येकाला मत असतं. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी प्रकल्पातल्या पोल-हेनिंग काम्प यांनी हे उदाहरण आपल्या सहकाऱ्यांना सुनावलं. तेव्हापासून ओपन सोर्समध्ये अशा वादाला 'बाइकशेडिंग' म्हणतात.

महाडच्या त्या काल्पनिक ॲपमध्ये हे कसं दिसेल? रूपांतर करताना चूक झाली तर जुनी माहिती बिघडेल का, यावर दोन प्रतिक्रिया. शोधाच्या बटणावर 'शोधा' लिहायचं की 'शोध' यावर चाळीस.

यावरचा उपाय कुणाला गप्प करणं नाही. चर्चा टप्प्यांत वाटायची. आधी अडचण खरी आहे का, मग उपायाची दिशा, मग तपशील आणि सगळ्यांत शेवटी नावं आणि रंग. पहिल्या टप्प्यात बटणाचा मुद्दा आला तर 'नोंद घेतली, शेवटी बोलू' एवढं पुरतं.

'मंजूर' म्हणजे 'झालं' नव्हे

प्रस्ताव मंजूर झाला की बातमी होते. लोकांना वाटतं आता उद्यापासून मिळणार. पण मंजुरीचा अर्थ एवढाच की ही दिशा मान्य आहे.

रस्टमध्ये प्रस्ताव स्वीकारल्यावर आधी प्रायोगिक रूपात कोड येतो. तो वापरून पाहिल्यावर 'आता हे कायमचं' म्हणण्यासाठी पुन्हा वेगळा निर्णय घेतला जातो. कुबरनेटीसमध्येही सुविधा अल्फा, बीटा आणि सर्वांसाठी खुली अशा पायऱ्या चढते. कागदावर बरोबर वाटलेलं डिझाइन वापरात कुठे अडतं, ते या पायऱ्यांवर कळतं. परत फिरण्याची शेवटची स्वस्त संधी इथेच असते.

मराठीसाठी यात काय आहे?

'ॲप' या शब्दातला 'ॲ' आज साधा वाटतो. पण त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी हिंदीच्या पद्धतीचा 'ऍ' होता. मराठी वळणाचा 'ॲ' हवा असेल तर 'अ'वर चंद्र चढवून काम भागवावं लागे. तसा लिहिलेला 'ॲ' आणि आजचा 'ॲ' संगणकाला एक वाटत नाहीत. 'दऱ्या'चीच गोष्ट पुन्हा.

मोडी लिपीचंही तसंच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी कारभाराची कितीतरी कागदपत्रं मोडीत लिहिली गेली. तरीही संगणकात तिला जागा मिळाली जून २०१४ मध्ये, युनिकोड ७.० बरोबर. त्यासाठीचा प्रस्ताव लिपींचे अभ्यासक अंशुमन पांडे यांनी लिहिला. लिपी कुठे वापरली गेली याचे नमुने, अक्षरांची यादी, ती कशी जोडली जातात, हे सगळं मांडावं लागलं. मोडीच्या गटात आज ७९ चिन्हं आहेत आणि 'नोटो' या खुल्या फॉन्टसंचात मोडीचा फॉन्टही आहे.

लिपींचे असे प्रस्ताव पाठवताना जो अर्ज भरावा लागतो त्यात एक प्रश्न आहे: ही लिपी किंवा अक्षर वापरणाऱ्या समाजाशी संपर्क साधला का? प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पाने उचलावा असा हा प्रश्न आहे. रिव्ह्यूला बसलेल्यांत 'दऱ्या' लिहिणारं कुणीच नसेल, तर दऱ्या आणि दर्या यांच्यातला फरक कुणाच्या लक्षातच येणार नाही. मग त्याचा त्रास त्या चर्चेत कधीच नसलेल्या माणसाला होतो.

तुम्ही काय करू शकता?

यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. महिन्यांची नावं, तारखा, आकडे फोनवर मराठीत कसे दिसावेत याची माहिती 'सीएलडीआर' या खुल्या प्रकल्पात गोळा होते आणि अँड्रॉइड, आयफोनसह अनेक ठिकाणी वापरली जाते. ठरावीक काळात तिथे भाषा जाणणाऱ्यांकडून माहिती आणि मतं मागवली जातात. कुणीही खातं मागून भाग घेऊ शकतं.

कुठल्याही प्रस्तावावर प्रतिक्रिया देताना चार गोष्टी पाळल्या तर तुमचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता वाढते. आधी पूर्ण प्रस्ताव वाचा, विशेषतः नाकारलेले पर्याय. 'आवडलं नाही' ऐवजी काय बिघडेल ते उदाहरणासह लिहा. तोच मुद्दा आधी कुणी मांडला असेल तर नवीन प्रतिक्रिया न लिहिता त्यालाच दुजोरा द्या. आणि प्रस्ताव लिहिणारं माणूस बहुधा आपला फावला वेळ देतंय, हे लक्षात ठेवा.

प्रस्ताव सांभाळणाऱ्यांसाठी यादी आणखी छोटी आहे. निर्णय कोण घेणार ते पहिल्या दिवशी सांगा. मुदत जाहीर करा. प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर द्या. होकार असो वा नकार, कारण लिहून ठेवा.

चर्चेतली माणसं बदलतात, प्रकल्प सोडून जातात. निर्णय मागे राहतात. १९९६ मधल्या एका नियमामुळे आजही 'पायऱ्या' शोधताना कुणाचं तरी उत्तर हुकतं. पुढच्या वेळी समोर दिसणारा मराठी शब्द शोधात सापडला नाही, तर तुमची चूक असेलच असं नाही. ज्या ॲपमध्ये तसं झालं, तिथे उदाहरणासह कळवा. एखादा चांगला प्रस्ताव अशाच एका तक्रारीपासून सुरू होतो.